खुनी आठवतोय, तरी पुन्हा बघावंसं वाटतं

मागच्या अंकात दूरदर्शनच्या जुन्या गुन्हेमालिकांबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. पहिल्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तो प्रश्न माझाही आहे.

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीच्या एका सोसायटीतल्या पाच जणी. शनिवारी दुपारी एकीच्या घरी जमून 'ब्योमकेश बक्षी'चा पहिला भाग पाहिला. १९९३ साली आमच्यातली कुणी शाळेत होती, कुणाचा संसार नवा होता. खुनी कोण, हे तिघींना आठवत होतं. माझा मुलगा दारात पाच मिनिटं उभा राहिला आणि "किती स्लो आहे गं" म्हणून निघून गेला. मला मात्र शेवटी गलबलून आलं. उत्तर माहीत असलेली रहस्यकथा पुन्हा इतकी कशी आवडते? की हे नुसतं जुन्या दिवसांचं प्रेम?

जुन्या दिवसांचं प्रेम असणारच, आणि त्यात वाईट काही नाही. आनंद शंकर यांचं ते शीर्षकसंगीत सुरू झालं की मला अजून नौपाड्यातली आमची दीड खोली दिसते. पण तुमच्या गलबलण्याचं कारण त्याच्याही पुढचं असावं असं मला वाटतं.

मी ठाण्यातल्या एका वाचनालयात एकतीस वर्षं देवघेवीच्या खिडकीत बसले. रहस्यकथांच्या पुस्तकांना एक रोग असतो. कुणीतरी आगाऊ वाचक पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवतो, 'खुनी - पुतण्या'. नाहीतर बाराव्या पानावर एका नावाखाली रेघ आणि समासात 'हाच तो'. म्हणून माझ्या खणात शिक्क्याच्या शेजारी कायम खोडरबर असायचा. पुस्तक परत आलं की तारीख मारण्याआधी मी पहिली चार पानं चाळायची. बाबूराव अर्नाळकरांच्या जुन्या प्रतींचा कागद इतका पिवळा आणि ठिसूळ झालेला की जोर लावला तर छापील अक्षरही निघून यायचं. पानाखाली डावा तळवा धरायचा, हलक्या हातानं खोडायचं आणि चुरा फुंकरीनं उडवायचा. पुढच्या वाचकाचा आनंद मी वाचवते आहे, अशी माझी समजूत होती.

एक सभासद होते, रेल्वेत नोकरीला. ते तीच ती पुस्तकं पुन्हा न्यायचे. एकदा मी त्यांचं कार्ड पाहून म्हटलं, "अहो, हे तुम्ही गणपतीत नेलं होतंत की." ते म्हणाले, "बाई, तेव्हा घाईत वाचलं. खुनी सापडेपर्यंत माणूस दुसऱ्या कुणाकडे नीट बघतो का?"

तुमचं उत्तर त्या वाक्यात आहे. पहिल्यांदा आपण एकालाच शोधत असतो. दुसऱ्यांदा सगळ्यांकडे बघायला सवड मिळते.

आता त्या भागाकडे. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी इथून थेट पुढच्या पत्रावर जावं. मी गुपित फोडणार आहे.

गोष्ट कलकत्त्याच्या एका मेसमधली, म्हणजे राहण्याजेवण्याची सोय असलेल्या भाड्याच्या घरातली. खाली डॉक्टर अनुकूलबाबूंचा होमिओपॅथीचा दवाखाना, वर भाडेकरूंच्या खोल्या. वस्तीत खुनांमागून खून होत आहेत. अतुल नावाचा एक तरुण जागा शोधत येतो. खोली रिकामी नसते. तेव्हा तिथलाच एक भाडेकरू, अजित, आपणहून म्हणतो, माझ्या खोलीत राहा. हा अतुल म्हणजेच गुन्ह्यांचा छडा लावणारा ब्योमकेश, हे आपल्याला माहीत आहे. अजितला नाही. दुसऱ्यांदा बघताना मला तिथेच पहिला चटका बसला. अजितनं काही विचारलं नाही, काही पारखलं नाही. एक अडलेला माणूस दिसला आणि त्यानं अर्धी खोली देऊन टाकली.

मग डॉक्टर. सौम्य बोलणारा, गरिबांना औषध देणारा, वस्तीतल्या खुनांविषयी स्वतःच काळजीनं बोलणारा. कोकेनचा धंदा त्याचाच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो त्या घरातला सर्वांत आधाराचा माणूस वाटला होता. आता दवाखान्यात कुणी रोगी आला की पुडीकडे लक्ष जातं. आणि सगळ्यात जीव कासावीस होतो तो अश्विनीबाबूंसाठी. त्यांच्याजवळ एक भयंकर गुपित आहे. ते सांगायला ते डॉक्टरकडेच येतात. अजित आणि अतुल तिथे बसलेले, म्हणून अडखळतात, नंतर बोलू म्हणतात. पहिल्या वेळी हा साधा प्रसंग वाटतो. आता मात्र पडद्याकडे बघून ओरडावंसं वाटतं, अहो, या दोघांसमोरच सांगा, आत्ता सांगा! आमच्याकडे रविवारी सहा जण बसलो होतो. एवढी शांतता पसरली की स्वयंपाकघरातल्या नळाचा थेंब ऐकू येत होता. मुलाला 'स्लो' वाटला असेल तो असाच एखादा प्रसंग. त्याच्यावर रागावू नका. अश्विनीबाबूंचं पुढं काय होणार, हे त्याला कुठे माहीत होतं?

आणि शेवट. मूळ कथेत सगळं निस्तरल्यावर ब्योमकेश अजितला हॅरिसन रोडवरच्या आपल्या घरी चहाला नेतो आणि म्हणतो, तू आता इथेच राहायला ये. ही परतफेड का, असं अजित विचारतो. तो नाही म्हणतो, तुझ्याबरोबर राहायची सवयच लागली आहे म्हणतो. गोष्ट उघडते ती खोली देण्यानं आणि मिटते तीही खोली देण्यानंच. मधला खून पोलीस निस्तरतील. दोन अनोळखी माणसं एका छपराखाली येऊन जन्माची सोबती झाली, ही त्या भागातली खरी घटना आहे, असं माझं ठाम मत आहे.

माझे वडील देवरुखाकडून मुंबईत आले तेव्हा गिरगावात सात जणांच्या खोलीत उतरले. पहिल्या रात्री निजायला जागा नव्हती. भिंतीकडेच्या एका अनोळखी माणसानं आपली पथारी हातभर सरकवली आणि म्हणाला, "पड इथे." त्या माणसाला मी आयुष्यभर काका म्हटलं. माझ्या लग्नात अक्षता टाकायला वडिलांच्या शेजारी तेच उभे होते. ठाणे आणि नवी मुंबईतली निम्मी घरं कुणाच्या तरी अशा सरकवलेल्या पथारीवर उभी आहेत. तुमच्या पाच जणींपैकी कुणाचे वडील, सासरे असे आले होते का, हे एकदा विचारून पाहा.

प्रश्न : पहिल्या भागात ब्योमकेशची बायको सत्यवती का दिसत नाही? आमच्या आठवणीत ती सुरुवातीपासून होती. – एक वाचक, नौपाडा

नव्हती. 'अर्थमनर्थम्' या कथेत सत्यवतीच्या भावावर खुनाचा संशय येतो आणि ती ब्योमकेशकडे मदत मागायला येते. त्यांची ओळख तिथली. आपल्या आठवणीत ती आधीपासून आहे, याचं श्रेय मी सत्यवती झालेल्या सुकन्या कुलकर्णी यांना देईन. आपल्या मराठी रंगभूमीवरची मुलगी त्या बंगाली घरात इतकी सहज वावरली की तिच्याशिवायचं ते घर आठवतच नाही.

पहिला भाग ज्या 'सत्यान्वेषी' कथेवर आहे, तीही लेखनाच्या क्रमानं पहिली नव्हे. ब्योमकेशचे मूळ बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी ग्रामोफोनच्या पिनेची 'पथेर काँटा' ही गोष्ट १९३२ साली आधी लिहिली. ब्योमकेश कोण, अजितशी त्याची गाठ कशी पडली, हे त्यांनी मागाहून लिहिलं. मालिका करताना दिग्दर्शक बासू चटर्जींनी मात्र ओळखीची गोष्ट सर्वांत आधी घेतली, आणि ते योग्यच केलं. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी. शरदिंदूबाबू १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी मुंबईत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. त्यामुळे ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या पुष्कळ कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. कलकत्त्याच्या गल्ल्या पुण्यातल्या टेबलावर उतरत होत्या, ही कल्पना मला फार आवडते.

प्रश्न : आमचे हे 'सीआयडी'चे भक्त. जुने भाग पुन्हा बघायला बसले की उठत नाहीत. त्यात एवढं काय बघण्यासारखं आहे? – वाशी

बसू द्या त्यांना. 'सीआयडी' २१ जानेवारी १९९८ ला सुरू झाली, आणि तिचं मूळ आपल्या मराठी घरात आहे. ती करणारे बी. पी. सिंग मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन होते. शिवाजी साटम यांना घेऊन त्यांनी मराठीत 'एक शून्य शून्य' ही पोलिसांची मालिका केली, ती 'सीआयडी'च्या कितीतरी आधी. सुरुवातीच्या भागांत आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर आहेत. पुढे याच मालिकेत इन्स्पेक्टर अभिजीत झालेले आदित्य श्रीवास्तव तर त्याआधी एका भागात गुन्हेगार म्हणून येऊन गेले आहेत! मिस्टरांना तो भाग शोधायला सांगा, तुम्हीही शेजारी बसा. २००४ सालचा १११ मिनिटांचा, एकही कट न घेतलेला भागही बघण्यासारखा आहे. एवढ्या वेळात एकाही नटाचं वाक्य चुकून चालणार नव्हतं. ज्यांनी कधी हौशी नाटकात काम केलं असेल, त्यांना त्यातली धास्ती नेमकी कळेल.

प्रश्न : माझी नात अकरा वर्षांची आहे. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं 'ब्योमकेश' पुन्हा दाखवली तेव्हा ती फार लहान होती. आता पहिला भाग दाखवावा का? गळा चिरलेला माणूस, कोकेन, हे सगळं आहे. तिची आई नको म्हणते. – एक आजोबा, कळवा

आधी आईशी बोला. तिचा होकार आल्याशिवाय दाखवू नका. नातीला आजोबा आणि आई यांच्या मध्ये उभं करायचं नाही. माझं मत विचाराल तर दाखवा, पण मोबाइल हातात देऊन नको. शेजारी बसा. मेस म्हणजे काय, तेव्हा माणसं एका खोलीत तिघं-चौघं कशी राहायची, हे आधी सांगा. कोकेन म्हणजे काय, असं ती विचारेल. सरळ सांगा, माणसाची वाट लावणारी नशा. या वयाच्या मुलांना अर्धवट उत्तराची भीती जास्त वाटते. रात्री जेवणानंतर लावू नका, दुपारी बघा.

आम्ही इमारतीतल्या मुलांना दाखवला तेव्हा एक केलं, तेही करून बघा. अश्विनीबाबूंच्या खोलीचं दार सकाळी उघडत नाही, तिथे भाग थांबवला. वहीचं पान फाडून प्रत्येकाला चिठ्ठी दिली, संशयिताचं नाव लिहायला लावलं आणि त्या चिठ्ठ्या पोह्यांच्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण लावलं. मोठ्यांनी तोंडावर बोट ठेवायचं. सात मुलांपैकी चौघांनी अतुलचं नाव लिहिलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सर्वांत धाकट्या मुलीनं नाव न लिहिता एक प्रश्न लिहिला होता, 'अजितला भीती नाही का वाटत?' ती चिठ्ठी मी माझ्याजवळ ठेवली आहे, खोडरबराच्याच डबीत.

तुमच्या नातीची चिठ्ठी काय निघाली, ते नक्की कळवा.