बाळाचा बाप्तिस्मा डिसेंबरपर्यंत थांबवला तर चालेल का?

तुम्ही विचारलंय, बाळ सात महिन्यांचं आहे, दीर दुबईहून डिसेंबरात येणार म्हणून बाप्तिस्मा थांबवलाय, आणि सासूबाई म्हणतात तोवर बाळाला काही झालं तर ते देवाघरी जाणार नाही. शिवाय आपल्या प्रेस्बिटेरियन मंडळीत (प्रोटेस्टंटांतलं एक चर्च) जन्मापासून मरणापर्यंत काय काय विधी असतात तेही हवंय. आधी सासूबाईंचं बोलणं घेते, कारण ते मी स्वतः ऐकलंय.

आम्ही मिरजेकडचे. इकडच्या मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या, मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले तिथपासूनच्या, आणि माझे आजेसासरे मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वानलेस डॉक्टरांच्या हाताखाली कंपाउंडर होते. माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यातच झाली, वजन ९०० ग्रॅम, काचेच्या पेटीत ठेवलेली. नणंद वसईला कॅथलिक घरात दिलेली, ती रात्रीच्या गाडीनं आली आणि आल्या आल्या म्हणाली, नर्सला सांग, दोन थेंब पाणी घालून नाव घेऊ दे. त्यांच्यात जीव धोक्यात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, ती काही मनचं सांगत नव्हती. मी घाबरून आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे पाद्रींना, बोलावलं. त्यांनी हात धुतले, पेटीच्या गोल खिडकीतून एक बोट आत घातलं, पोरीनं ते घट्ट धरलं, आणि ती सोडेपर्यंत ते तसेच वाकून प्रार्थना करत राहिले. पाणी घातलं नाही. मला म्हणाले, "कराराचं लेकरू आहे बाई, देवाचं पाण्यावाचून अडत नाही." म्हणजे विश्वासणाऱ्या आईबापांचं मूल जन्मापासूनच देवाच्या करारातलं.

नवव्या दिवशी गेली. सुतारानं केलेली पेटी हातभर लांब, नवऱ्यानं ती मांडीवर घेऊन रिक्षातून दफनभूमीत नेली. तिथं पाळकसाहेबांनी २ शमुवेल १२ वा अध्याय वाचला, दाविदाचं बाळ सातव्या दिवशी मेलं तो. त्या काळी कराराची खूण म्हणजे सुंता, आज आपल्यात बाप्तिस्मा तसा; ती आठव्या दिवशी व्हायची, म्हणजे खूण अंगावर नसतानाच गेलं असावं, तरी दावीद म्हणतो मी त्याच्याकडे जाईन. आणि माती लोटताना नणंद मागून म्हणाली, बिनबाप्तिस्म्याचं गेलं गं लेकरू. १३ वर्षं झाली, अजून कानात आहे.

सासूबाईंना स्पष्ट सांगा, ही आपली शिकवण नाही. वेस्टमिन्स्टरच्या विश्वासांगीकारात (आपल्या मंडळ्यांची शिकवण लिहिलेला मूळ दस्तऐवज), १६४६ पासून, २८ व्या अध्यायात लिहिलंय की तारण बाप्तिस्म्याला असं जखडलेलं नाही की त्यावाचून कुणी तरूच नये. पण त्याच ओळीत हेही आहे की बाप्तिस्म्याची हेळसांड करणं हे मोठं पाप. म्हणून भीतीपोटी घाई करू नका, आणि विमानाच्या तिकिटासाठी थांबूही नका. दीर लागतात कशाला? आपल्यात वचन आईबाप देतात आणि मंडळी उभी राहून देते. हॉल, केक, मॅचिंग कपडे हे सगळं नंतरचं. साधा रविवार, नेहमीची उपासना, सगळ्यांसमोर, बस.

बाकी विधींचं म्हणाल तर संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेतात तो). मोठं झाल्यावर पाळक आणि वडीलजन (मंडळीनं निवडलेले पुढारी) विचारपूस करतात, मग मंडळीसमोर विश्वास कबूल करून प्रभुभोजनात घेतात. लग्न हा आपल्यात संस्कार नाही, ते १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं, आधी नोटीस लागते आणि सहसा सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच लागतं. दफनविधीत आपण मेलेल्यासाठी प्रार्थना करत नाही, मागं राहिलेल्यांसाठी करतो, आणि ती किती लागते हे मला माहीत आहे.

दुसरी मुलगी झाली तेव्हा दोन महिन्यांची असताना बाप्तिस्म्याला नेली. नणंद आली होती, पाळकसाहेबांच्या हातात तिनंच दिली. घरी आल्यावर म्हणाली, आता हिची काळजी मिटली. मी म्हटलं ताई, पहिलीचीपण काळजी नव्हती. ती गप्प बसली, नंतर जेवायला वाढायला आली.

एक राहिलं. तुमची मंडळी सीएनआयमध्ये असेल (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० ला नागपुरात बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र होऊन झालेलं) तर तिथं बॅप्टिस्टही आहेत, बाळाला नुसता आशीर्वाद देऊन मोठेपणी बाप्तिस्मा हेही चालतं, आणि दृढीकरणाला (मोठेपणी विश्वास कबूल करायचा विधी) बिशप येतात. त्यामुळे तुमच्या पाळकांना या रविवारीच गाठा. दिरांना व्हिडिओ कॉल लावा.