पाऊस १२७ वरच का अडतो?

प्रश्न : आमचं गाव महाबळेश्वर तालुक्यात. भाऊ बाटलीवर नरसाळं बसवून रोज सकाळी पाऊस मोजतो आणि आकडा मला डोंबिवलीला कळवतो. जुलैत सलग चार दिवस १२७ मिलिमीटरच भरले. महाबळेश्वरचा आकडा तेव्हा दोनशेच्या वर होता. नरसाळ्याचं तोंड १० सेंमी व्यासाचं, बाटली लिटरची. चुकतंय कुठे?

उत्तर : भावाचं मोजणं बरोबर आहे, बाटली लहान आहे. १० सेंमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी, म्हणजे दर मिलिमीटर पावसाला ७.८५ मिली पाणी जमतं. या हिशेबाने लिटरची बाटली १२७ मिलिमीटरला काठोकाठ भरते आणि पुढचा पाऊस बाहेर वाहून जातो. पाच लिटरचा कॅन लावा, म्हणजे सहाशेच्या पुढेही काळजी नाही. साठलेलं पाणी मिलीत मोजून ७.८५ ने भागायचं.

जागाही बघा. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून साधारण ३० सेंमी उंच हवा, नाहीतर चिखलाचे शिंतोडे आत उडतात. जमीन उताराची असली तरी काठ लेव्हलमध्येच ठेवा. घर किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. झाडाखाली तर नकोच : पाऊस थांबला तरी पानांवर अडकलेलं धुकं ठिबकत राहतं. कड्याच्या टोकावर उलटं होतं, वारा थेंब नरसाळ्यावरून उडवून नेतो.

वेळ सकाळी ८.३०. हवामान खात्याचा दिवस तिथेच संपतो. भाऊ सहाला मोजत असेल तर पुढच्या अडीच तासांचा पाऊस दुसऱ्या तारखेत जातो आणि आकडे कधीच जुळत नाहीत.

प्रश्न : जुलैत वाईला जायचंय. महाबळेश्वरसारखाच पाऊस असेल का?

उत्तर : नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिते होतात, पलीकडे वाईच्या बाजूला उतरणारी हवा तापते, म्हणून तिथे पाऊस कमी. छत्री पुरेल. पसरणीचा घाट चढून वर पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर मात्र रेनकोट घ्या.

प्रश्न : थंडीत महाबळेश्वरचा पारा ८-९ अंश सांगतात, तरी वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात. खरं काय?

उत्तर : दोन्ही. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपांच्या पेटीत असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गवताचं पातं आणि गाडीचा टप उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि हवेपेक्षा कितीतरी गार होतात. त्यात थंड हवा जड, ती ओघळून तलावाच्या, लिंगमळ्याच्या खोलगट भागात साचते. ढग आले किंवा वारा सुटला की हिमकण नाहीत. तेव्हा पहाटे उठण्याआधी आकाश बघा. तिथल्या स्ट्रॉबेरीवाल्यांना हे कौतुक परवडत नाही : गोठून फुलाचा मधला भाग काळा पडला की त्या फुलाला फळ धरत नाही.