माझ्या मिलिंग मशीनला डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा डबा) आहे. सीएनसी (मशीन कॉम्प्युटरवर चालवणं) करताना त्याच्याच स्केल फीडबॅकला वापरता येतील का?

प्रश्नाच्या खाली तुम्ही लिहिलंय : "मशीन एम-वन-टीआर आहे, एक्स आणि वायला ५ मायक्रॉनच्या काचेच्या स्केल बसवलेल्या आहेत. लीड स्क्रू जुनेच आहेत, थोडा प्ले (ढिलेपणा) आहे. पण स्केल टेबलाचीच जागा दाखवते, म्हणजे प्ले आपोआप भरून निघेल ना? बॉल स्क्रूचा (गोळ्यांवर चालणारा घट्ट स्क्रू) खर्च वाचेल."

शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला चहा तसाच ठेवला. हेच वाक्य २०१३ साली आमच्या दाजींनी माझ्या शॉपमध्ये उभं राहून म्हटलं होतं. अगदी हेच, "ना?" सकट.

नाही भरून निघत. आता का ते सांगतो.

शिरोली एमआयडीसीत माझा पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीवाल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचे नमुने) आणि प्लेटा करून देतो. मशीन आप्पांच्या वेळचं, एम-वन-टीआरच. आप्पांनी ते तीस वर्षं हँडलवर चालवलं. एक्सच्या स्क्रूला मधल्या भागात ०.३५ मिलिमीटर प्ले होता, कारण सगळी कामं टेबलाच्या मध्यावरच व्हायची. कडेला तोच स्क्रू बऱ्यापैकी घट्ट. आप्पांना तो प्ले तोंडपाठ होता. मापावर यायचं ते नेहमी एकाच बाजूनं, पुढं गेलं तर अर्धा फेरा मागं घेऊन पुन्हा यायचं. मी डीआरओ लावून दिला तेव्हा पहिला आठवडा ते त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मग एक दिवस म्हणाले, "हे बरं हाय रे, फेरे मोजायला नकोत." झालं, त्या दिवसापासून मशीनवर प्ले आहे हे शॉपमध्ये सगळे विसरले.

दाजी माझ्या बहिणीचे यजमान. इलेक्ट्रॉनिक्सचे माणूस, हात चांगला, सोल्डरिंग बघत राहावं असं. लिनक्ससीएनसी त्यांनीच आणलं. "अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतनं आलेलं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे." हे खरंच आहे, त्याचं मूळ तिथल्या एनआयएसटी या मापन-प्रमाणांच्या संस्थेत आहे. भंगारातल्या जुन्या मशीनच्या डीसी सर्वो मोटरी स्वस्तात मिळाल्या, एन्कोडर मेलेले. दाजी म्हणाले, "मोटर किती फिरली याच्याशी आपल्याला काय करायचंय? टेबल कुठं आहे ते कळलं की बास. स्केल आहेच." ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मीही मान डोलावली. बॉल स्क्रू रद्द, एन्कोडर रद्द. स्केलच्या वायरी डीआरओतून काढून थेट कॉम्प्युटरच्या कार्डाला.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा टेबल उभ्या जागी गुरगुरायला लागलं. कमांड काही नाही, तरी मोटर डावी-उजवी, डावी-उजवी. गणित साधं आहे. स्केल सांगते, टेबल १० मायक्रॉन मागं आहे. मोटर फिरते, पण आधी तिला प्ले संपवायचा असतो, तोवर टेबल हलत नाही. कंट्रोलला वाटतं जोर कमी पडतोय, तो आणखी जोर देतो. प्ले संपतो, टेबल धाडकन पुढं जातं, आता चूक उलट्या बाजूला. पुन्हा तेच. दाजींनी गेन (चुकीला किती जोरानं उत्तर द्यायचं ते) कमी केला, डेडबँड (सोडून द्यायची चूक) वाढवला, गुरगुर थांबली. पण ५० मिलिमीटरचं गोल भोक फिरवलं तर जिथं जिथं अक्ष दिशा बदलतो तिथं खाच. चार खाचा, घड्याळाच्या ३, ६, ९, १२ वर. शिवाय मधेच फॉलोइंग एरर (सांगितलेली जागा आणि खरी जागा यातला फरक) येऊन मशीन बंद पडायचं. म्हणून दाजींनी लिनक्ससीएनसीच्या फाइलमधली फॉलोइंग एररची मर्यादा वाढवून १ मिलिमीटर केली. मला न सांगता. हा मुद्दा मी अजून सोडलेला नाही.

मग एका पंप हाउसिंगच्या पॅटर्नवर फिनिशिंगचा पास, १२ मिलिमीटरची एंड मिल, कॅमनं (कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरनं) क्लाइंब कट दिलेला. क्लाइंबमध्ये कटर टेबलाला फीडच्याच दिशेनं ओढतो. ०.३५ चा प्ले मोकळाच होता. टेबलानं उडी मारली, प्रत्येक दाताला ०.०५ ची चिप मिळायची तिथं एकदम ०.४ ची आली, कटर तुटला आणि पॅटर्नच्या भिंतीत नखानं ओरबाडल्यासारखा खड्डा. तीन दिवसांचं काम. दाजी स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा, स्केलनं चूक बरोबर पकडलीय." पकडलीय की! पण बघून ती करणार काय? धरायला तिच्याकडे हात कुठं आहेत? मोटर आणि टेबल यांच्यामध्ये ०.३५ ची हवा आहे.

माझ्या चुकीचं मूळ मला त्या रात्री समजलं. आप्पांच्या हाताखाली डीआरओ प्ले असूनही चालायचा, कारण आप्पा मापावर आले की त्या अक्षाचा लॉक आवळायचे. एक्स कापताना वाय आवळलेला, वाय कापताना एक्स आवळलेला, आणि कट नेहमी फीडच्या उलट. टेबलाला धरून ठेवणारी गोष्ट तो लॉक होता, डीआरओ नव्हे. सीएनसीत दोन अक्ष एकाच वेळी कापता कापता चालतात, तिथं लॉक कोण आवळणार? तिथं धरायचं काम स्क्रू आणि नटाचं. तुम्ही आकड्यांवर विश्वास ठेवताय, पण ते आकडे आजपर्यंत लॉकच्या जिवावर खरे ठरत होते.

दाजींचं आणि माझं दोन महिने बोलणं बंद. त्यांचं म्हणणं ट्यूनिंग अर्धवट राहिलं. माझं म्हणणं, ट्यूनिंगनं प्ले भरत नाही, ते काम नटाचं. शेवटी ताईनं मध्यस्थी केली आणि मी गुपचूप ५ मिलिमीटर पिचचे प्रीलोड (आधीच दाबून प्ले काढलेल्या) नटवाले बॉल स्क्रू टाकले, टोकांना अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंग, गिब (टेबलाच्या सरकमार्गातल्या पट्ट्या) नीट बसवले, मोटरींवर २५०० लाइनचे एन्कोडर. चारपट मोजलं की फेऱ्याला १०,००० काउंट, म्हणजे एका काउंटला अर्धा मायक्रॉन. फीडबॅक मोटरच्या एन्कोडरवरून घेतला. गुरगुर नाही, खाचा नाही.

आणि स्केल? काढल्या नाहीत. पुन्हा डीआरओला जोडल्या आणि डबा मशीनवर जसा होता तसा ठेवला. तुम्हाला माझं उत्तर हेच : स्केलला ड्रायव्हर करू नका, साक्षीदार करा. एकदा कंट्रोलवर एक्स २००.००० होता आणि डीआरओ म्हणत होता १९९.३८५. पोरगं म्हणालं, डीआरओ बिघडलाय. उघडून बघितलं तर कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला होऊन शाफ्टवर घसरला होता. मोटरच्या एन्कोडरला हे जन्मात कळलं नसतं, तो तर मोटरबरोबरच फिरतो. (दाजींना हे सांगितलं ही दुसरी चूक. तेव्हापासून दर दिवाळीला ऐकवतात.)

दुसरा उपयोग, स्क्रूचा नकाशा. आपण घेतो ते रोल केलेले सी-७ दर्जाचे बॉल स्क्रू, त्यात ३०० मिलिमीटरला साधारण ५० मायक्रॉनची चूक चालते. दर २५ मिलिमीटरला थांबायचं, डीआरओ वाचायचा आणि फरक लिनक्ससीएनसीच्या काँपेन्सेशन फाइलमध्ये भरायचा. जाताना आणि येताना वेगळं वाचायचं. त्याआधी स्केल स्वतः किती खरी आहे ते स्लिप गेजवर (नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर) तपासून घ्या.

स्केल बसवताना लोक समांतरपणाचा फार बाऊ करतात. ५०० मिलिमीटरला १ मिलिमीटर तिरकी बसली तरी मापात फरक फक्त १ मायक्रॉनचा. तिरकेपणानं त्रास होतो तो रीडर घासण्याचा. खरी चूक येते ती स्केल कटरपासून लांब असल्यानं. टेबल मीटरला ०.१ मिलिमीटर झुकत असेल आणि स्केल कटरपासून ३०० मिलिमीटर दूर असेल, तर ०.०३ चा फरक स्केलला दिसतच नाही. रबराच्या ओठांची बाजू खाली करा, नाहीतर कूलंट आणि कीस आत जाईल.

तरीही दाजींसारखं करायचंच असेल तर ऐका. मोठ्या कंपन्यांच्या मशीनवर स्केलचा फीडबॅक असतोच, ते मी नाकारत नाही. बॉल स्क्रू तापतो, लांबतो; स्टीलच्या अर्ध्या मीटरला १० अंशांत ५० मायक्रॉनच्या वर, आणि ते स्केललाच दिसतं. पण तिथं स्क्रू आधीच प्रीलोडचा असतो, वेगाचा लूप मोटरच्या एन्कोडरवर असतो, आणि स्केल फक्त जागेची शेवटची दुरुस्ती करते. दोन्ही हवेत, एकाच्या जागी दुसरं नाही. शिवाय तुमच्या स्केलचा सिग्नल साधा टीटीएल (एका वायरीवरचा) आहे की डिफरन्शियल (वायरींच्या जोडीवरचा) ते आधी बघा. स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर साध्या टीटीएलच्या लांब वायरीवर काउंट चुकतात. पॅरलल पोर्टवर (कॉम्प्युटरच्या जुन्या प्रिंटर जोडणीवर) मोजणार असाल तर मिनिटाला ५ मीटरच्या वेगाला ५ मायक्रॉनची स्केल सेकंदाला साडेसोळा हजारांच्या वर काउंट देते, तिथंच तो पोर्ट धापा टाकतो. १ मायक्रॉनची देते त्र्याऐंशी हजार. वेगळं काउंटर कार्ड घ्या.

स्टेपर (फीडबॅकशिवाय पावलापावलानं फिरणाऱ्या मोटरी) असतील तर हा प्रश्नच जवळजवळ उरत नाही. बॉल स्क्रू घाला, डीआरओ वेगळा राहू द्या, कामाला लागा.

दाजी, हे वाचत असाल तर : फॉलोइंग एररची मर्यादा मी परत ०.०५ केलीय. गणपतीला याल तेव्हा त्या फाइलला हात लावू नका.