पिवळ्या बल्बचं काम

वेंगुर्ला
जुलैतला एक ओला रविवार

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा पोचला. मोबाईलवर वाचवेना, म्हणून दुकानातल्याच प्रिंटरवर छापून घेतला आणि दोनदा वाचला. गंजिफाच्या, म्हणजे आपल्या हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या, 120 पानांत प्रत्येकी एक एनएफसी चिप (जवळूनच बिनतारी वाचता येते ती), पाटाखाली ती वाचणारा रीडर, आणि कुठलं पान उतरलं, हात कोणाचा, कोणती पानं अजून बाहेर आहेत हे सगळं फोनवर. वर "काका, खरं सांगा" असंही लिहिलंयस. तर खरं सांगतो. काम नीटस आहे आणि खेळ मेलाय. रागावू नकोस, पुढे वाच.

आधी आमच्या क्लबातल्या कॅरमबद्दल सांगतो. बोर्डावर पत्र्याच्या टोपीतला 100 वॅटचा पिवळा बल्ब लोंबत असायचा. उन्हाळ्यात त्याखाली डोकं तापायचं, वीजबिलावरून कुरकुर व्हायची. मी पडलो मेकॅनिक, सगळ्यांना शहाणपण शिकवून तो काढला आणि 9 वॅटचा एलईडी लावला. उजेड पुरेसा, बिल कमी, माझी कॉलर ताठ. मग पाऊस लागला. बोरिक पावडर टाकावी तितकी कमी, स्ट्रायकर जड, आणि राणी खिशाच्या तोंडाशी येऊन थांबायची, जणू आत जायला लाजतेय. मी प्लायवूडला दोष दिला, पावडरीचा डबा बदलला, स्ट्रायकर वजन करून बघितला. ऑगस्टात एक जुने सभासद चहा पिता पिता म्हणाले, "अरे, तो बल्ब बोर्ड सुकयत होतो मा!"

पिवळा बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच घालवतो, हे मी शिकाऊ पोरांना तीस वर्षं सांगत आलोय. त्या उष्णतेचा क्लबाला काही उपयोग असेल हे मात्र डोक्यात आलं नाही. आता पावसाळ्यात आम्ही जुना बल्ब परत लावतो, एलईडी शेजारी असतोच.

तुझा आराखडा वाचताना मला तोच बल्ब आठवत होता. जुनी वस्तू काढून नवी बसवतेस, तर जुनी न सांगता कुठकुठली कामं करत होती ती आधी मोजलीस का?

गंजिफाचं पान घे हातात. तुझ्याकडे नसेल तर सावंतवाडीच्या राजवाड्यात जा, तिथे कारागीर अजून बसून रंगवतात. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी सत्तरच्या दशकात ही कला मरता मरता उचलून धरली, नाहीतर तू आणि मी आज कशावर भांडलो असतो? कागदावर कागद, मधे चिंचोक्याची खळ, वर रंग, त्यावर लाखेचा हात. पुढच्या बाजूला मासा नाहीतर कासव. मागची बाजू मात्र एकरंगी, तिच्यावर एक ठिपका नाही. ती कोरी पाठ हे खेळातलं सगळ्यात महत्त्वाचं काम करते: काही सांगत नाही. पानं गोल आणि जाड, नेहमीच्या पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरायची आणि सगळ्यांनी हात घालून कालवायची. या कालवण्यात प्रत्येक पान प्रत्येकाच्या बोटांखालून जातं.

आता त्यात चिप घाल. सगळ्याच पानांत चिप, म्हणजे फरक कळणार नाही, असं तू म्हणशील. पण हाताने चिकटवलेल्या 120 चिपा एकाच जागी, एकाच जाडीत बसत नाहीत. चार डावांत बोटं शिकतात. मी स्वतः शिकेन, आणि शिकलो हे तुम्हाला सांगणार नाही. शिवाय या चिपेला बॅटरी नसते, ती रीडरच्या चुंबकीय क्षेत्रातून वीज घेते. पानांवर पानं पडली की अँटेनावर अँटेना येते, एकमेकींचा सूर बिघडतो आणि रीडरला कधी दिसतं, कधी नाही. जिंकलेल्या हातांचा ढीग तू रीडरवरच ठेवायला सांगतेयस. ट्राय कर एकदा, मग फोन कर.

हे झालं तांत्रिक. खरी अडचण यादीची, "कोणती पानं बाहेर आहेत" या यादीची. दशावतारी गंजिफात तीन गडी, प्रत्येकाला 40 पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. आपल्या नेहमीच्या डावातला हुकूम इथे नाही. त्या रंगातलं उरलेल्यांत मोठं पान ज्याच्याकडे, हात त्याचा. म्हणजे काय गेलं आणि काय राहिलं हे डोक्यात ठेवणं हाच खेळ. त्यात निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. आमच्या शेजारची काकू डोळे मिटून ओठ हलवते तेव्हा ती जप करत नसते, वामनाची पानं मोजत असते. तुझा फोन ती यादी दाखवणार असेल तर काकूने काय करायचं? लाडू वळायचे?

आणखी एक. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाच्या राजाची. तू जीपीएसवरून सूर्यास्ताची वेळ काढून हे आपोआप ठरवलंयस. हुशारी आहे. पण आमच्या ओसरीवर पाऊस दाटून आला की दिवेलागण झाली की नाही यावरून दहा मिनिटं वाद होतो, आणि तो वाद जिंकायला काकूने कधीकधी मुद्दाम समई लावलेली मी पाहिलीय. ती दहा मिनिटं मला हवी आहेत.

सारीपाटाच्या तुझ्या ॲपबद्दल थोडक्यात. सहा कवड्या म्हणजे सहा वेळा शून्य किंवा एक, असं तू लिहिलंयस. त्या हिशेबाने 64 प्रकार होतात, सहाही उताण्या पडायचा त्यातला एकच. पण कवडी म्हणजे नाणं नव्हे. तिची पाठ फुगीर, पोट चपटं, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. आमच्या घरातली एक तर हट्टाने पालथीच पडते. एकेक कवडी 200 वेळा टाक, वहीत मांड, मग कोड लिही.

तू म्हणशील म्हातारा तंत्रज्ञानावर उठलाय. नाही गं. 1997 मध्ये डीप ब्लू नावाच्या संगणकाने बुद्धिबळातल्या जगज्जेत्या कास्पारॉव्हला हरवलं तेव्हा आमच्या दुकानात "आता बुद्धिबळ संपलं" म्हणून हळहळणारे होते. त्यांचेच नातू आज फोनवर इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लावून स्वतःच्या चुका शोधतात. पण डाव संपल्यावर. चालू डावात फोन काढला तर त्याला चोरी म्हणतात.

आणि मी हात पोळलेलाही आहे. चार हजारांना एक पेटी घेतली होती, गुन्ह्याचा तपास करायचा खेळ, पण सगळे धागेदोरे ॲपमध्ये. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि इथली वीज गेली, रेंजही गेली. घरात पोरं अडकलेली, खेळायला वेळच वेळ, आणि फोन आंधळा. कंदिलाखाली शेवटी गंजिफाच काढला. पुढे मी फोन बदलला तर ते ॲप नव्या फोनवर चढेचना. पेटी माळ्यावर आहे, डांबरगोळ्यांसकट.

फोनला काम द्यायचंच असेल तर मी सांगतो. गंजिफाला नेमके तीनच गडी लागतात आणि इथे दोघांत गाडी अडते, कारण तिसरा डोंबिवलीला असतो आणि गणपतीतच येतो. त्या चाकरमान्याला संध्याकाळी ओसरीवर बसवणारं काहीतरी कर. नवशिक्याला उलटा-सुलटा क्रम घोटून घेणारा सराव दे, यादीसकट. मात्र खऱ्या डावात ती यादी बंद. शेवटी गुणांची बेरीज कर, ती करायला इथे कोणालाच आवडत नाही.

पंधरवड्यात येतेयस ना? सावंतवाडी रोडला उतर, मी स्कूटर घेऊन येतो. येताना मुंबईहून दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा जाड पुठ्ठा आण. आमच्या संचातली वराहाची चौकी गेल्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ली. तिच्या जागी औषधाच्या खोक्याचं गोल कापून घातलंय, आणि ते कोणाच्या हातात आलंय हे पानं वाटता वाटताच आम्हा तिघांनाही कळतं.

तुझा काका