इस्त्री फिरवू नकोस, आधी धागा जाळून बघ

तुझी पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. वडिलांसाठी मफलर-कानटोपीचा जोड विणलास, मफलरच्या दोन्ही कडा वळून त्याची सुरळी होतेय, शेजारच्या काकू सांगतायत की ओलं फडकं टाकून गरम इस्त्री दाब, आणि रविवारी गावी निघायचंय. वडील पहाटे शेकोटीपाशी बसतात हेही लिहिलंयस. अगं, ही तर माझीच गोष्ट! म्हणून न राहवून लिहितेय. अगं-तुगं करतेय, वयाकडे बघून चालवून घे.

इस्त्री आधी कपाटात ठेव. बाकीचं सावकाश वाच.

टाके घालणं, बंद करणं, सुलट-उलट हे काही सांगत बसत नाही, अख्खा मफलर विणलास म्हणजे ते येतंच. फोटोत दिसतंय की एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सलग विणत गेलीस आणि कडेला वेगळं काही घातलं नाहीस. त्या विणीचा स्वभावच वळायचा. बाजूच्या कडा मागे वळतात, खालची-वरची कड पुढे येते. हात घट्ट की सैल, लोकर महाग की स्वस्त, कशाचाही संबंध नाही. तू विणलंस ते नीटच आहे, फक्त ही वीण एकेरी मफलरच्या कामाची नाही.

आता माझा पराक्रम ऐक. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, निफाडकडे द्राक्षबाग. तिथली थंडी दरवर्षी पेपरात येते. पारा ५ अंशांच्या खाली घसरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या कराव्या लागतात, आणि अण्णा चारलाच बागेत हजर. म्हणून त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्यासाठी मफलर, कानटोपी आणि बोटं उघडी राहतील असे हातमोजे विणायला घेतले. नोकरी, डबे, मुलांच्या परीक्षा सांभाळून सव्वा महिना लागला. लोकर घेतली होती एका जुन्या, नावाजलेल्या दुकानातून. सुट्या लडी होत्या, लेबल नव्हतं. विचारलं तर गल्ल्यावरचे म्हणाले, "ताई, प्युअर वुल आहे, डोळे झाकून न्या." मी खरोखरच डोळे झाकून नेली.

निघायच्या आदल्या रात्री त्या वळलेल्या कडा बघवेनात. इस्त्रीवर 'वुल' अशी खूण असतेच, चक्री तिथे आणली, ओला पंचा टाकला आणि दाबली. भसकन वाफ आली, कडा एकदम सपाट. इतकी हरखले की कानटोपीच्या पट्टीवर आणि हातमोज्यांवरही फिरवली. पंचा उचलला तेव्हा मफलर चकाकत होता. हातात घेतला तर लुळा, ओल्या पापडासारखा. लांबीला वीतभर वाढलेला. कानटोपीची दोन सुलट-दोन उलट पट्टी ताणली की पुन्हा आवळायची, ती आता ताणलेलीच राहायला लागली. धुतली, सावलीत वाळवली, रात्रभर गार पाण्यात ठेवली. काही उपयोग झाला नाही, आणि होतही नाही. हे आता अनुभवाने सांगते.

अण्णांनी ती टोपी तशीच घातली. भुवयांवर घसरायची, ते मागे सारायचे, पुन्हा घसरायची. वर "ऊब आहे हो चांगली" म्हणायचे. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुकानात गेले तर उत्तर काय, "लोकरीला कोणी इस्त्री करतं का?" म्हटलं, तुम्हीच प्युअर म्हणालात. तर म्हणे, "सगळे तसंच म्हणतात हो." पावतीवर नुसतं 'लोकर ५०० ग्रॅम'. तक्रार कुठे करायची म्हणून दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे हसले. पाचशे ग्रॅम लोकरीसाठी कोण भांडतं! पण माझा सव्वा महिना कुणी तोलून बघितला नाही. (दुकानाचं नाव लिहिणार नाही, मेसेजमध्येही विचारू नका.)

मुळात घोळ आपल्या शब्दाचाच आहे. मेंढीच्या अंगावर वाढते ती लोकर, आणि कारखान्यात बनतं ते ॲक्रिलिकही आपल्याकडे लोकरच. आपल्याकडच्या दुकानांत लुधियानाकडून येणारे गुंडे असतात त्यात ॲक्रिलिक किंवा मिश्रण भरपूर, आणि लेबलवर तसं छापलेलंही असतं. लेबल वाचणाऱ्याची फसगत होत नाही. मी लेबल नसलेला धागा घेतला, तिथेच मेले.

खरं काय ते कळलं जानेवारीत. शेकोटीची ठिणगी उडाली आणि मफलरला भोक पडलं, भोकाच्या कडेला काळा टणक खडा. शेजारी एक मेंढपाळ आजोबा घोंगडी पांघरून शेकत बसले होते. त्यांच्या घोंगडीवरही ठिणग्या पडत होत्या, ते बोटाने झटकत होते, राख उडून जात होती. मफलरला हात लावून म्हणाले, "पोरी, हे प्लास्टिक हाय." महिनाभर मी जे शोधत होते ते त्यांनी चिमटीत धरून सांगितलं.

ॲक्रिलिक खरंच प्लास्टिकचं भावंड आहे. वाफेत मऊ पडतं, आणि दाबाखाली जसं चपटं होईल तसंच गार होऊन बसतं. त्याचा फुगीरपणा, टाक्यांची उसळी, सगळं गेलं. मेंढीची लोकर आपल्या केसांसारखी. ओली करून आकार दिला तर वाळल्यावर धरते, पुन्हा भिजली की सोडते. म्हणजे तुझी लोकर खरी निघाली तरी इस्त्रीने सपाट केलेल्या कडा पहिल्या धुण्यानंतर पुन्हा वळणार. काकूंचा सल्ला दोन्हीकडून वाया.

तेव्हा आज रात्री वीतभर धागा सांडशीत धर, खाली पाण्याची वाटी ठेव आणि काडी लाव. जळक्या केसांचा वास आला, ज्योत काढल्यावर विझला आणि राख बोटात चुरगळली, तर मेंढीची लोकर. भराभर पेटला, वितळला आणि कडक खडा उरला, तर ॲक्रिलिक. दोन्ही थोडं थोडं, तर मिश्रण. त्याला ॲक्रिलिकच समज. खिडकी उघडी ठेव, मुलांना लांब ठेव, ओढणी आवरून घे.

ॲक्रिलिक निघालं तर वाईट वाटून घेऊ नकोस, मी स्वतः आजही निम्मं काम त्यातच करते. धुवायला सोपं, मानेला टोचत नाही. देशी मेंढीची जाड लोकर मानेला लावून बघ, दहा मिनिटांत कळेल. पण शेकोटीपाशी बसणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकचा मफलर देताना टोकं स्वेटरच्या आत खोचायला सांग. वितळलेला धागा कातडीला चिकटतो. एवढं मात्र वडिलांना स्वतः सांग, चिठ्ठी नको.

आता रविवारपर्यंत काय करायचं. खाली कोणीतरी नक्की लिहील की क्रोशाची झालर लाव. माझं मत, नको. मफलर वळतो आणि झालरीलाही बरोबर घेऊन वळतो. कडेवरून टाके उचलून सगळ्या ओळी सुलट अशी पट्टी विणता येते, दर ४ ओळींमागे ३ टाके उचलायचे. पण एवढ्या लांबीला गोल सुई मोठी लागेल आणि चार दिवसांत होणार नाही. मी असते तर मफलर लांबीत दुमडला असता, सुलट बाजू बाहेर, आणि दोन्ही लांब कडा जोडून त्याच धाग्याने शिवून टाकल्या असत्या. दुहेरी होतो, ऊब वाढते, वळणाऱ्या कडा शिवणीत जातात. शिवण सैल घाल, ओढून घट्ट केलीस तर चुण्या पडतील.

पुढच्या वेळी मफलरला साबुदाण्याची वीण (एक टाका सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत सुलटावर उलट नि उलटावर सुलट) घे किंवा सगळ्या ओळी सुलट विण. नुसते कडेचे ५ टाके सुलट ठेवून भागेल असं व्हिडिओत सांगतात. माझ्या हातून तरी तेवढ्याने पुरतं भागलेलं नाही, दुसऱ्यांचा अनुभव वेगळा असेल.

व्हिडिओवरून आठवलं. अमेरिकन बाई '८ नंबरची सुई' म्हणते ती ५ मिलिमीटरची. आपल्याकडच्या जुन्या नंबरातली ८ म्हणजे ४ मिलिमीटर, आणि आपला नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांची जाड. नंबर सोड, मिलिमीटर बघ. कानटोपीही थोडी सैल झालीय म्हणालीस, तर तिचा घेर आणि टाके मोजून बघ. डोक्याचा घेर ५६ सेंमी असेल तर टोपी ५२च्या आसपास हवी. १० सेंमीत २० टाके बसत असतील तर १०४ टाके झाले, दोन सुलट-दोन उलटला बरोबर बसतात.

मी काही शिकवणी घेणारी नाही, पंचवीस वर्षांत चुकत चुकत जमलं तेवढं सांगितलं. जाणकारांनी दुरुस्त करावं.

धागा जाळलास की वास कसला आला ते लिही, आणि मफलरची रुंदी मोजून सांग. २० सेंमी किंवा जास्त असेल तर दुमडून शिव. कमी असेल तर शिवायला बसू नकोस, आधी इथे विचार.