‘हल्ली तो तोडून बोलतो’

मुलं परदेशी गेलेल्या आईवडिलांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. सांगलीच्या एका काकूंचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा तीन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला. काकूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. मेसेज होता, ‘रविवारी तुमच्या अडीचला फोन करतो. चालेल?’

"आईशी बोलायला वेळ ठरवायची?" त्यांचा आवाज कापत होता. पण खरं लागलं होतं ते वेगळंच. चुलतबहिणीच्या लग्नाला येशील ना, असं विचारल्यावर तो म्हणाला होता, "नाही. सुट्टी नाही." पूर्वी "बघतो गं, जमवतो" म्हणाला असता. तेव्हाही आला नसताच, हे काकूंना ठाऊक होतं.

आपल्याकडे ‘बघतो’मधला नकार ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये हाच फरक मांडला : काही समाजांत बराचसा अर्थ नात्यातून, प्रसंगातून उमगतो; काहींत तो शब्दांतच सांगावा लागतो. जर्मन माणसं या दुसऱ्या प्रकारातली.

पुढच्या वेळी मुलाला व्हिडिओ कॉलवर घेतलं. नोकरीच्या सुरुवातीला तो एका सहकाऱ्याला "प्रयत्न करतो" म्हणाला होता. त्याच्या मनात ते ‘नाही’ होतं, समोरच्याने ‘हो’ धरलं. काम अडलं आणि भर मीटिंगमध्ये त्याला विचारलं गेलं, "हो की नाही, तेवढंच सांग."

"मग रोज ट्रेनमध्ये घोकायचो, आई. ‘नाही, शुक्रवारपर्यंत होणार नाही.’"

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस?"

"काळजी करत बसली असतीस."

मी दोघांना तिथेच थांबवलं. लग्नाचा नकार तिकडच्या वळणाचा होता. हे लपवणं मात्र अस्सल आपल्या घरचं! काकूंना जो ‘दुरावा’ वाटत होता, तो दुरावा नव्हताच.

मुलाला म्हटलं, आईला ‘नाही’ जरूर सांग, पण आधी नवरीची चौकशी कर, साखरपुडा कसा झाला विचार. काकूंना म्हटलं, अडीचची वेळ ठरवली म्हणजे तो तास त्याने तुमच्यासाठी राखून ठेवलाय.

सवय व्हायला दोघांनाही महिने लागले. दिवाळीच्या तोंडावर काकूंचा फोन आला. येणार नाही, हे त्याने सरळ सांगितलं होतं. पण त्याआधी भाजणी पार्सलने कशी पाठवशील, चकली तुटते ती का, यावर अर्धा तास बोलला होता.

"रडू आलं," काकू म्हणाल्या, "पण राग नाही आला."