बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात फायबर येत नाही. सिमवाला फोर-जी राउटर घेतला तर घरभर वायफाय चालेल का?

चालेल, पण राउटर घेण्याआधी सिमची परीक्षा घ्या. तेच सिम फोनमध्ये घालून, राउटर जिथं ठेवणार तिथं उभं राहून रात्री आठ-नऊला स्पीड बघा. दुपारी बघून उपयोग नाही, तेव्हा टॉवर मोकळा असतो. मी याच भागात असा राउटर वापरतो, त्यावरून सांगतो: खरा फरक जागेनं पडतो. जांभ्याच्या जाड भिंती आणि वरचे पत्रे सिग्नल खातात, त्यामुळे राउटर माडीवर, टॉवरच्या बाजूच्या खिडकीत ठेवा. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी, म्हणजे सिग्नलची ताकद सांगणारा आकडा दिसतो. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली गेला तर बाहेरचा अँटेना जोडता येईल असंच मॉडेल घ्या. ८५० मेगाहर्ट्झचा बँड (टॉवरच्या लहरींचा पट्टा) लांबवर पोचतो, २३०० चा वेग जास्त पण भिंतीपुढे तो हात टेकतो. निपाणीकडे, अगदी सीमेवर, कधी महाराष्ट्राचा टॉवर पकडतो. म्हणून डेटा रोमिंग चालू ठेवलेलं बरं.

आणखी दोन गोष्टी:
- बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. पावसाळ्यात वीज गेली की तेवढ्यापुरता छोटा यूपीएस पुरतो.
- सिमवर येणारे ओटीपी राउटरच्या पानावरच वाचावे लागतात.

मात्र रोज दीड-दोन जीबीचा फोनचा प्लॅन टाकाल तर एका क्रिकेट मॅचमध्ये डेटा संपेल. टीव्ही लावायचा असेल तर आधी मोठा प्लॅन बघा.